सुईवर काय अडकलंय? (अर्धवट विणकामाचा धागा)

निवांत_सुई
अर्धवट विणकामाचा विषय निघाला की बहुतेक जण कठीण भागाला दोष देतात. वेण्यांचं डिझाइन जमेना, जाळीची ओळ चुकली, गळ्याचं गणित बसेना. माझं निरीक्षण वेगळं आहे. कठीण भागाशी माणूस झटापट करतो, जागरण करतो, चार जणांना विचारतो आणि तो पार पाडतो. काम अडतं ते त्याच्यानंतर. दुसरी बाही, दुसरा मोजा, तुकड्यांची जोडणी, लोंबणारी टोकं आत घालणं. डोक्याला काही करायचं उरत नाही आणि हाताला मात्र भरपूर उरतं, तिथे पिशवी कपाटात जाते.

हिशेब करून बघा. १० सेंमीत २२ टाके आणि तेवढ्याच उंचीत २८ ओळी बसणारी लोकर घेतली, आणि १०० सेंमी घेराचा, ६० सेंमी उंचीचा स्वेटर करायचा म्हटलं, तर पाठीला ११० टाके आणि १६८ ओळी. गुणाकार १८,४८०. पुढचा भाग तेवढाच. म्हणजे बाह्या सोडूनच ३७ हजारांच्या आसपास टाके झाले. (गळा आणि मुंढ्याची घट धरलेली नाही, जाणकारांनी ओरडू नये.) यातले विचार करायला लावणारे टाके मूठभर. बाकी सगळे मागच्यासारखे पुढचे.

तर सांगा, तुमच्या सुईवर सध्या काय अडकलंय आणि नेमकं कुठे? उपाय माहीत असतील त्यांनी हात आखडता घेऊ नये. क्रोशावाल्यांनाही आमंत्रण. फक्त 'विकत इतकं स्वस्त मिळतं तर कशाला' हे वाक्य इथे नको, ते सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकलंय.

एक_मोजा
माझ्या आयडीतच उत्तर आहे, हाहा. पहिला मोजा अगदी मनासारखा होतो. टाच वळते तो भाग तर मला जादूच वाटतो. सरळ नळी चाललेली असते, मग थोड्याच टाक्यांवर अर्ध्या-अर्ध्या ओळी मागे-पुढे करायच्या, आणि बघता बघता हातात टाचेची वाटी. तो मोजा पायात घालून घरभर फिरून दाखवला, कौतुक झालं, की दुसऱ्याला हात लावायची इच्छाच मरते. कारण आता जादू कशी होते ते माहीत असतं.

उलटसुलट
@एक_मोजा, दोन्ही एकदमच विणा. ८० ते १०० सेंमीची लांब गोल सुई (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली) घ्या, लोकरीचे दोन वेगळे गुंडे घ्या, आणि प्रत्येक फेरीत आधी एकाचे टाके, मग दुसऱ्याचे. सुरुवातीला दोन गुंडे एकमेकांत अडकतात आणि चिडचिड होते, पण एक गुंडा उजवीकडे आणि एक डावीकडे ठेवायची सवय लागली की निभतं. संपतील तेव्हा दोन्ही संपतील. एक संपून दुसरा राहायचा प्रश्नच नाही.

ते जमत नसेल तर पहिला मोजा बंद केल्या केल्या त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके घालून बॉर्डरच्या काही ओळी काढून ठेवा. सुरू झालेलं काम डोळ्यांना खुपतं, न सुरू झालेलं नाही.

आणि वही! टाचेला किती टाके, किती ओळींनंतर घट, पंजाची लांबी किती. पहिल्याच्या वेळी वाटतं की हे काय विसरायचंय. दुसऱ्याच्या वेळी पहिला मोजा दिव्याखाली धरून ओळी मोजत बसावं लागतं.

मोजपट्टी
धागा आवडला, पण सविनय असहमत. कंटाळा हे सभ्य कारण झालं. बहुतेक कामं अडतात मापाला. विणणाऱ्याला आतून कळलेलं असतं की हे अंगाला बसणार नाही, पण अंगाला लावून खात्री करायची हिंमत होत नाही. मग 'कंटाळा आला' म्हणून पिशवी बंद.

वर दिलेलाच हिशेब पुढे नेते. १०० सेंमी घेराला २२० टाके. पण तुमचा हात जरा सैल असेल आणि १० सेंमीत २२ ऐवजी २० टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर होतो ११० सेंमी. दहा सेंमीत दोन टाक्यांचा फरक सुईवर डोळ्यांना दिसत नाही. अंगावर मात्र पूर्ण एक मापाचा फरक.

म्हणून नमुन्याचा तुकडा आधी विणायचा. तोही दोन बोटांएवढा नाही, चांगला १५ सेंमीचा चौकोन, आणि मोजायचे ते मधले १० सेंमी, कारण कडेचे टाके खोटं बोलतात. मोजण्याआधी तो तुकडा धुवायचा, स्वेटर पुढे जसा धुणार तसाच. हे फार महत्त्वाचं. मशिनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर असते, तिच्या तंतूवरचे खवले गुळगुळीत केलेले असतात. ती पहिल्या धुण्यात सैलावते, लांबते. सुईवर बरोबर असलेली बाही धुतल्यावर बोटांच्या पुढे जाते.

आणखी एक. सुयांचे नंबर! आपल्यापैकी अनेकांच्या घरात जुन्या ब्रिटिश क्रमांकांच्या सुया आहेत. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन क्रमांक उलटे चालतात, तिथली १० नंबर ६ मिमीची असते. इंटरनेटवरून उतरवलेल्या डिझाइनमध्ये '१० नंबर' वाचलंत आणि घरातली १० नंबर उचललीत, तर स्वेटर बाहुलीला होईल. नेहमी मिलिमीटर बघा.

निवांत_सुई
@मोजपट्टी, 'आतून कळलेलं असतं' हे मान्य. पण दुसऱ्या मोज्याला हे कसं लागू होतं? पहिला बसलाच की पायाला!

मोजपट्टी
मोज्याचं सोडा. मोजे विणणारे वेगळ्याच जातकुळीचे असतात.

शिकाऊ
नमस्कार, मी नवीन आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मफलर विणतेय आणि त्याची सुरनळी झालीय. दोन्ही कडा मागे वळतात. अजून सुईवरच आहे, अर्ध्याहून जास्त झालाय. संपल्यावर इस्त्री फिरवली तर सपाट होईल ना?

काटेकोर
थांब! आधी सांग लोकर कसली आहे. लेबल आहे का?

शिकाऊ
आहे. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक.

काटेकोर
मग इस्त्री लांब ठेव. अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. गरम इस्त्री टेकली की तंतू मऊ होऊन चपटे होतात, विणीतला उठाव आणि ताण कायमचा जातो, आणि तो परत आणता येत नाही. काही जण वाफेने मुद्दाम तसं करतात, शाल लोंबती हवी असेल तेव्हा. पण ते ठरवून, आणि आधी तुकड्यावर करून बघून. खऱ्या लोकरीचं वेगळं असतं, ती ओली करून आकारात टाचून वाळवली की बऱ्यापैकी तशी राहते.

आता सुरनळीबद्दल. तुझ्या हाताचा दोष नाही. या विणीचा स्वभावच तो आहे. प्रत्येक टाक्यात लोकर वाकवून एकाच बाजूला ओढलेली असते आणि वाकलेली लोकर सरळ व्हायला बघते. सगळ्या टाक्यांचा ताण एकाच दिशेला पडला की उभ्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची पुढे वळते. सगळ्या ओळी सुलट विणल्या, किंवा दोन सुलट दोन उलट घेतले, तर दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना मारतात आणि कापड सपाट राहतं. म्हणून तर स्वेटरच्या खाली बॉर्डर असते, ती नुसती शोभेसाठी नाही.

तुझ्यापुढे वाटा अशा आहेत. एक, उसवून नव्याने. दुसरी जरा धीटपणाची. सुईवरून एक टाका मुद्दाम सोडायचा, खालपर्यंत जिना पडू द्यायचा, सुरुवातीच्या ओळीच्या थोडं वर थांबवायचा, आणि मागच्या बाजूने क्रोशाच्या सुईने एकेक पायरी पकडत वर आणायचा. पुढून तो उलट टाक्यांचा उभा पट्टा दिसतो. दर चार-पाच टाक्यांनंतर असा एक पट्टा केलास तर वळणं बरंच कमी होईल, पूर्ण थांबणार नाही. तिसरी वाट माझ्या आवडीची: त्याला सुरनळीच व्हायचंय तर होऊ दे. पूर्ण विण, उभा दुमड, दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाक. दुहेरी मफलर, दुप्पट ऊब, आणि टोकं लपवायला आत भरपूर जागा.

शिकाऊ
तिसरी वाट!! उसवायचं म्हटलं तर मला रडूच आलं असतं.

रिकामटेकडा
वाचतोय सगळं. इथे पुरुष आयडी मी एकटाच दिसतोय. प्रवासात विणायला घेतलं की लोक आधी सुयांकडे बघतात, मग माझ्याकडे, मग परत सुयांकडे. त्यांना सांगावंसं वाटतं की युरोपात एके काळी मोजे-टोप्या विणणाऱ्या पुरुषांचे रीतसर व्यावसायिक संघ होते, आणि मोजे विणायचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने केलं. पण तोवर उतरायची वेळ झालेली असते.

धागाकर्तीच्या मुद्द्याला अनुमोदन, त्यात माझी भर: जोडणी. तुकडे विणायला मजा येते, शिवायला नाही. म्हणून मी आता सगळं गोल सुईवर, गळ्यापासून खाली एकसंध विणतो. कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या बुक्सटेहुड इथल्या चर्चच्या वेदीसाठी सन १४०० च्या सुमाराला रंगवलेलं एक चित्र आहे, त्यात मेरी बाळ येशूसाठी बिनशिवणीचा झगा विणतेय, गोलाकार, अनेक सुयांवर. आणि गंमत म्हणजे ती नेमकी गळ्याशी पोचलीय. शिवणकाम नको, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

वरून खाली विणण्यात आणखी एक सोय आहे. मध्येच अंगात घालून बघता येतं. @मोजपट्टी ताईंची हिंमतीची अडचण तिथेच सुटते.

मोजपट्टी
बसण्याचा प्रश्न सुटतो, मान्य. पण शिवणीला नावं ठेवू नका. शिवण म्हणजे कपड्याचा कणा. सुती धाग्याचा किंवा जाड वेण्यांचा जड स्वेटर बिनशिवणीचा केलात तर खांदे आणि बगला स्वतःच्याच वजनाने लोंबतात. बारीक हलक्या लोकरीला तुमची पद्धत, जडाला माझी.

गुंडा_संपला
मी वेगळ्याच ठिकाणी अडकलेय. स्वेटर शेवटच्या बाहीपर्यंत आला आणि लोकर संपली. तोच रंग, तोच क्रमांक, नवीन गुंडे आणले, आणि घरी उजेडात बघते तर नवे किंचित पिवळसर. दुकानात कळलंच नाही.

उलटसुलट
लेबलवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर असतो तो बघा. लोकर एका वेळी एका मोठ्या घाण्यात रंगवतात, दुसऱ्या घाण्याचा रंग तंतोतंत तसाच उतरेल याची खात्री नसते. म्हणून एका कपड्याची लोकर एकदम आणि एकाच लॉटची घ्यायची, एखादा गुंडा जास्तच.

आता आणलीच आहे तर शेवटची बाही सबंध नवीन लोकरीची करू नका, ती ओरडून सांगेल. दोन ओळी जुन्या गुंड्यातून, दोन ओळी नव्यातून, अशी अदलाबदल करत विणा. डोळा फसतो. जुनी फारच थोडी उरली असेल तर दोन्ही बाह्यांच्या मनगटाच्या बॉर्डर उसवून नव्या लोकरीने करा, गळ्याचीही तीच. मग फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

पुढच्या वेळी पहिली बाही झाली की तिचं वजन करा आणि उरलेल्या गुंड्यांचं करा. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा पुरतो. पुरणार की नाही हे तिथेच कळतं. एका ओळीला साधारण कापडाच्या रुंदीच्या तिप्पट लोकर लागते, टाके बंद करायला चौपट धरा.

दूरवरची_काकू
अडकलेलं नाही, दिलेलं सांगते. जवळच्या एका व्यक्तीसाठी लोकरीचा स्वेटर विणला होता, बारीक लोकर, सगळ्या अंगभर वेण्या. थंडीत भेट झाली तेव्हा विचारलं, घालतेस ना? तर तिने कपाटातून काढून दाखवला. मशिनमध्ये गरम पाण्यात धुतला होता. पाच वर्षांच्या मुलाला होईल एवढा, आणि बोर्डासारखा कडक. ती बिचारी अजून विचारतेय की ताणून मोठा होईल का.

काटेकोर
नाही होत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घुसळण तिन्ही मिळाली की खवले एकमेकांत अडकत जातात, सगळ्याचा नमदा (घट्ट दाबल्यासारखं जाड कापड) होतो, आणि तो उलगडत नाही. मात्र नमद्याचे धागे सुटत नाहीत, तेव्हा तो कापून हातमोजे, उशीचा अभ्रा, गरम भांड्याखाली ठेवायची चटई असं काही होऊ शकतं.

भेट देताना लोकरीचं लेबल सोबत द्यावं, त्यावर धुण्याच्या खुणा असतात. आणि त्याच लोकरीचा हातभर तुकडा, पुढे कुठे उसवलं तर रफू करायला. मी तर आधी विचारते की तुमच्याकडे हाताने धुतात का. उत्तर 'बघू' असं आलं की गुपचूप मशिनमध्ये चालणारी लोकर आणते.

दूरवरची_काकू
चटई! वेण्यांची चटई! बरं. निदान वापरात तरी येईल.

साखळी_खांब
क्रोशावाली हजर. आमच्याकडे टाका निसटायची भीती नाही, सुईवर एका वेळी एकच फास जिवंत असतो. उसवायचं तर ओढलं की झालं. गणितज्ञांनाही हे सोयीचं पडतं. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाने वक्र पृष्ठभागाचे नमुने विणले, प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत. कागदाचे नमुने फाटायचे, हे हातात घेऊन दुमडून शिकवता येतात. आम्हा बाकीच्यांचीही झालर टाके जास्त वाढले की आपोआप तशीच होते, फक्त आम्ही तिला झालर म्हणतो.

माझं अडकलेलं: पांघरुणाचे चौकोन. रंगीबेरंगी, एक टोपली भरून. जोडायचे बाकी, आणि प्रत्येकाला दोन-दोन टोकं लोंबतायत. तेव्हा धागाकर्तीला माझं मत. आणि नवीन लोकांना इशारा: अमेरिकन डिझाइनमधला 'सिंगल' म्हणजे ब्रिटिश डिझाइनमधला 'डबल'. कुठल्या देशाचं आहे ते बघून मगच सुरू करा.

उलटसुलट
उरलेले चौकोन शेवटच्या फेरीतच आधीच्या चौकोनाला जोडत चला, वेगळी जोडणी करायला लागत नाही. आणि टोकं लोंबत ठेवू नका, ती पुढच्या फेरीच्या टाक्यांखाली दाबत विणत जा. गाठ मारून कापलेलं टोक एक दिवस पुढच्या बाजूला तोंड काढतंच.

निवांत_सुई
केवढी माहिती जमली! कपाटातल्या पिशव्यांसाठी माझ्याकडूनही दोन गोष्टी. काम बराच काळ बाजूला ठेवणार असाल तर सुई काढून घ्या आणि टाके जाडसर सुती दोऱ्यावर ओवून ठेवा, नाहीतर सुईवरची ओळ ताणून तशीच राहते. सुईचं माप चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. आणि खरी लोकर असेल तर पिशवी घट्ट बंद करा, काम स्वच्छ असू द्या. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचे किंवा सांडलेल्याचे डाग असतील तिथे आधी. अ‍ॅक्रिलिकला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

@मोजपट्टी, तुमचं बोलणं मनाला लागलं म्हणून अडकलेल्या कार्डिगनची पाठ आज धुऊन मोजली. माप बरोबर निघालं! तेव्हा माझ्या बाबतीत तरी तो कंटाळाच होता. दोन्ही बाह्यांचे टाके एकाच लांब सुईवर घातलेत, दोन गुंडे, उलटसुलट यांच्या मोज्यांसारखेच. वाढ दोन्हीकडे एकाच ओळीत होतेय, त्यामुळे मोजत बसायला लागत नाही.

मोजपट्टी
बरोबर निघालं याचा आनंदच आहे. कंटाळा एक, मी शून्य.

शिकाऊ
एक विचारू? कार्डिगनला काजं कशी ठरवतात? मला पुढच्या वेळी तेच करायचंय. आधी काजं विणून मग बटणं आणू ना?

काटेकोर
उलट कर. बटणं आधी आण. मग काजं नसलेली पट्टी पूर्ण विण, तिच्यावर बटणं कुठे येणार तिथे दोरा बांधून खुणा कर, आणि त्या खुणांच्या ओळी मोजून दुसऱ्या पट्टीत काजं घाल. काज बटणापेक्षा जरा घट्टच ठेव, वीण ताणली जाते, सैल काजातून बटण दिवसभर निसटत राहतं. पण आधी तो मफलर शिवून फोटो टाक.